उलटी अक्षरं

रात्री दहाला मालिका लागते. पावणेदहालाच
मी स्टोव्हवरची किटली उतरवून ठेवते,
तिची शीळ मध्येच नको म्हणून.
बाहेर साकाताचं वारं, समुद्रावरनं आलेलं.
इथे बर्फ आभाळातून पडतो त्याहून जास्त
जमिनीवरनं उठून अंगावर येतो.

योशिमात्सु, तुझी ती खुनाची गोष्ट
पुन्हा टीव्हीवर आली आहे.
कृष्णधवल काळात एकदा केली होती,
तेव्हा तू टीव्हीकडे पाठ करून जेवलास.
तीच, जी आपल्या सायंदैनिकात
एकशे चाळीस दिवस चालली,
आणि जिचं एकेक अक्षर तू
शिशाच्या खणांतून वेचून, उलटं, जुळवलंस.

साऱ्या गावाला उद्या कळायचं
ते तुला आज ठाऊक असायचं.
मासुए न्हाव्याच्या दुकानातून ओरडायची,
"गोदामातल्या कारकुनाला कुणी मारलं, एवढं तरी सांगा!"
मी तर जेवताना, अंथरुणात,
भांडून, लाडीगोडी लावून.
तू ताकास तूर लागू दिली नाहीस.
नखांतली शाई खरवडत म्हणायचास,
"मला अर्थ लागतच नाही, त्सुने.
मी फक्त अक्षरं बघतो."
खोटं.
शेवटच्या आठवड्यात तुझी भूक मेली होती.

पहिल्या रात्री मी नाक मुरडलं.
पुस्तकातला इन्स्पेक्टर जाडा, दाढदुखीनं बेजार,
गालाला मफलर बांधून हिंडणारा;
आणि हा पोरगा, भुवया कोरलेला,
दात जाहिरातीतले.
तांदळाच्या गोदामामागची झाडं खरी,
पण बर्फ साबणाचा,
भुरुभुरु, सरळ, शहाण्यासारखा पडणारा.
मी टीव्हीलाच म्हटलं, अरे, कुणाला फसवतोस?

मग त्या पोरानं
मेलेल्या कारकुनाचा चष्मा उचलला.
काचांवर कोंड्याची पूड.
रुमाल काढला, पुसणार,
आणि थांबला. पुरावा होता तो.
रुमाल परत खिशात.
पण हात खिशातच राहिला,
खूप वेळ, संगीत नाही, काही नाही.
माझा चहा गार झाला.

पुस्तकात कारकुनाच्या बायकोला
तीन ओळी होत्या. आठवतं? तूच जुळवल्यास.
दार उघडलं, किंकाळी फोडली, खाली बसली.
संपली बाई.
इथे तिला आख्खा एक भाग दिलाय.
ती किंचाळत नाही. पोलीस गेल्यावर
नवऱ्याचा जेवणाचा डबा धुवायला घेते,
झाकणाला चिकटलेली उमेबोशीची बी
नखानं काढते, टाकत नाही.
तोंडात ठेवते.
कुणी लिहिलं असेल हे?
नावं भराभर सरकली, माझ्या चष्म्याला झेपली नाहीत.
कुणी बाई असणार, किंवा एखादा पुरुष
ज्यानं मागे राहिलेला डबा धुतला आहे.

काल शेवटचा भाग झाला.
खुनी तोच. ते बदलायची छाती झाली नाही त्यांची,
बरंच झालं.
पण तिला, बायकोला, पहिल्यापासून ठाऊक होतं की!
एवढ्या बर्फात कोरडी छत्री घेऊन
सांत्वनाला कोण आलं, तिनं दारातच ओळखलं,
आणि हूं की चूं केलं नाही.
एकशे चाळीस दिवस नाही, अकरा वर्षं.
का, ते शेवटच्या चार मिनिटांत कळतं.

सकाळी तुझ्यापुढे भात ठेवला,
उदबत्ती लावली, घंटी वाजवली.
फोटोत तुझी मान जराशी कलती,
उलटं वाचताना करायचास तशी.
विचार की आता. लाव लाडीगोडी.
साठ वर्षांनी पहिल्यांदा
या गोष्टीतलं मला ठाऊक आहे ते
तुला नाही.

अकराला मासुए येईल.
तिनं रेकॉर्ड करून ठेवलंय, बघितलेलं नाही,
दारातूनच म्हणेल, एवढं तरी सांग.
तिला सांगितलं तर तू ऐकशील,
तेव्हा तिलाही नाही.
उद्या.
उद्याचा भात गार व्हायच्या आत.
बघू.